पाहुणा जेवत नाही

सहाव्या दिवशी सकाळीही पाहुण्याने वाटी हुंगली, मान वळवली आणि कोणीतरी चारचौघांत अपमान केल्यासारखा चेहरा करून तो खिडकीखाली जाऊन बसला. वाटीत उकडलेली कोंबडी होती. हाडं काढून, बारीक करून, कोमट करून दिलेली. एवढे लाड भिंगरीने स्वतःचे जन्मात केले नव्हते.

"अरे, मी काय तुझं घोडं मारलंय?" भिंगरी दारातूनच ओरडला. पायात बूट, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, खांद्याला हत्यारांची पिशवी. पाहुण्याने त्याच्या बुटांकडे एकदा पाहिलं आणि हनुवटी जमिनीला टेकवली.

पाहुणा हा भिंगरीच्या वडिलांचा कुत्रा. नऊ वर्षांपूर्वी कुणा शेजाऱ्याने 'दोनच दिवस सांभाळा' म्हणून वडिलांकडे सोडला, तो शेजारी घर बदलून गेला आणि पाहुणा राहिला. नाव तेवढं चिकटलं. आता वडील न्हाणीघरात घसरून पडले होते. मांडीचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, आणि चालायला लागेपर्यंत तीन आठवडे दवाखान्यातच राहा असं डॉक्टरांनी सांगितलं. स्ट्रेचरवरून नेताना त्यांनी मुलाचा हात धरून एकच गोष्ट सांगितली, "त्याच्या खाण्याकडे बघ रे. जरा चोखंदळ आहे."

"तुम्ही काळजीच करू नका," भिंगरी म्हणाला. तेव्हाही तो अर्धा वळलेलाच होता. त्याच दिवशी त्याने पाहुण्याला आपल्या घरी आणलं.

भिंगरी हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पायाला भिंगरी लागलीय म्हणून आईने लहानपणी ठेवलेलं, आणि त्याने ते चाळिशी उलटली तरी इमानाने पाळलेलं. काम लिफ्टच्या दुरुस्तीचं. सोळा इमारती, बावीस लिफ्ट. फोन वाजला की निघायचं. त्याच्या दोन खोल्यांत एक खुर्ची होती, तिच्यावर कपड्यांचा ढीग. टेबलावर स्विच, तारा, जुन्या मोटारींचे तुकडे. जेवायचा तो ओट्यापाशी उभा राहून, एका हातात ताटली, दुसऱ्या हातात फोन. लग्न ठरत नव्हतं असं नाही, पण मुलगी बघायला गेला तिथेही तो चहा उभ्याने प्यायला म्हणे. त्यानंतर मोठ्या बहिणीने त्या विषयात हात घालणं सोडून दिलं.

असा हा माणूस, आणि त्याच्या गळ्यात हा खाईन तर तुपाशी नाहीतर उपाशी म्हणणारा कुत्रा.

कामात भिंगरीचा एक नियम होता. बिघाड सापडेना तर एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. तोच नियम त्याने इथे लावला. पहिल्या दिवशी दुकानातलं कोरडं खाणं. दुसऱ्या दिवशी तेच दुधात भिजवून. मग वाटी बदलली, स्टीलची बाजूला ठेवून मातीची आणली. वाटीची जागा बदलली. वेळ बदलली. तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र चमत्कार झाला. एका स्विचचे तुकडे साफ करायला भिंगरी जमिनीवर बसला होता, तोंडात अर्धं उकडलेलं अंडं. उरलेलं अर्धं त्याने सहज पुढे सरकवलं आणि पाहुण्याने ते चाटूनपुसून खाल्लं. भिंगरीने वहीत लिहिलं, 'अंडं चालतं', त्याखाली दोन रेघा मारल्या आणि धावत जाऊन दोन डझन अंडी आणली. त्यातल्या एकालाही पाहुण्याने तोंड लावलं नाही.

बहिणीचा फोन आला तर ती म्हणाली, "भूक लागली की खाईल झक मारत. नखरे आहेत नुसते."

"तुला काय जातंय सांगायला? बरगड्या मोजता येतात त्याच्या."

हे तो बहिणीला सांगत होता. वडिलांना नव्हे. रोज संध्याकाळी दोन कामांच्या मधे तो दवाखान्यात जाई, खाटेच्या पायाशी उभा राही. वडील विचारत, "जेवला का तो?"

"जेवला की! पोटभर."

"खरंच?"

"वाटी चाटून ठेवली. तुम्ही आज किती पावलं चाललात?"

वडील मग खुशीत येऊन सांगत, की आठ, की अकरा. व्यायाम घेणाऱ्या बाईंना ते म्हणत, माझा कुत्रा थांबलाय घरी, मला लवकर उभं करा. हे ऐकल्यावर तर भिंगरीची जीभ आणखीच जड होई. त्या अकरा पावलांचं कारण घरी उपाशी पडलं होतं. त्या कारणाचं काही बरंवाईट झालं तर वडील खाटेवरून उठणार नाहीत, हे त्याला लख्ख कळत होतं. "बस की जरा," वडील म्हणत. "फोन आलाय, जातो," तो म्हणे. फोन कधी आलेला असे, कधी नसेही.

खोटं बोलताना त्याला फारसं वाईटही वाटत नव्हतं, कारण त्याच्या धंद्यात ही रीतच आहे. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसाला खरं सांगायचं नसतं. बाहेरून आवाज द्यायचा, 'काही नाही, दोन मिनिटांत निघाल.' मग लागेना का तासभर. माणूस घाबरू नये, एवढंच बघायचं. वीस वर्षांत हे वाक्य त्याने इतक्यांदा म्हटलं होतं, की झोपेतून उठवलं तरी पहिलं तेच आलं असतं.

सहाव्या दिवशी सकाळी त्याने काम सोडून पाहुण्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. चौदा किलोचा कुत्रा साडेअकरा भरला. बाईंनी दात पाहिले, पोट दाबलं, रक्त तपासलं.

"आजार काही दिसत नाही. पण उद्या सकाळपर्यंत खाल्लं नाही तर दाखल करून घ्यावं लागेल. दहा वर्षांचा आहे, यकृत फार दिवस तग धरणार नाही. याला रोज कोण खायला घालायचं?"

"वडील."

"मग त्यांना विचारलंत का, कसं घालायचे ते?"

भिंगरी किल्ल्यांचा जुडगा चाळवत राहिला. बाईंनी दोनदा त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "विचारा की मग. ते बोलू शकतात ना? हा तर नाही बोलू शकत."

पाहुण्याला घरी सोडून तो पायऱ्या उतरतो न उतरतो तोच फोन वाजला. एका सहामजली इमारतीत लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली होती, आत एक शिवणकाम करणाऱ्या बाई. भिंगरी धावला. वर मोटारीच्या खोलीत सगळं ठीक दिसत होतं. म्हणजे कुठलं तरी दार पूर्ण लागत नव्हतं. दार पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट हलत नाही. पण कुठलं, आणि का? तो पाचव्या मजल्यावर आला, दाराच्या फटीला तोंड लावून ओरडला, "काही नाही बाई, दोन मिनिटांत निघाल!"

परत वर. परत खाली. सगळ्या मजल्यांची दारं त्याने ठोकून पाहिली. मनात मात्र साडेअकरा किलो घोळत होते. पुन्हा फटीपाशी आला. "दोन मिनिटं हं!"

आतून आवाज आला, "अहो, वीस मिनिटं झाली तुमच्या दोन मिनिटांना. खरं काय ते सांगा ना एकदाचं. वेळ लागणार असेल तर मी खाली बसते. पाय भरून आलेत माझे. तुम्ही आत्ता म्हणता, म्हणून उभी आहे आपली."

भिंगरीने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "बाई, खरं सांगू? मला बिघाड सापडत नाहीये. अर्धा-पाऊण तास लागेल."

"मग असं सांगा की!" आत कापडाची सळसळ झाली, बाई बसल्या असाव्यात. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "इथे खाली दाराच्या खाचेत काहीतरी चमकतंय बघा. उभं राहून दिसत नव्हतं. बटण आहे. माझ्याच पिशवीतलं पडलंय बहुतेक."

त्यांनी केसातल्या पिनेने बटण उचकटून काढलं. दार खटकन लागलं आणि लिफ्ट चालू झाली. बाई बाहेर आल्या, साडी झटकली आणि निघून गेल्या. भिंगरीने वहीत कामाची नोंदही केली नाही. तो तडक दवाखान्यात गेला.

वडील खाटेवर बसून होते. "आज लवकर? आज चौदा पावलं..."

"बाबा, तो जेवत नाहीये."

"कोण?"

"पाहुणा. तुम्ही इथे आल्यापासून जेवला नाहीये. मी रोज खोटं सांगत होतो. अडीच किलो उतरलाय. डॉक्टर म्हणतात, उद्या सकाळपर्यंत..."

वडिलांचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "सहा दिवस! सहा दिवस मला 'पोटभर, पोटभर' म्हणून फसवतोस? मी काय कुक्कुलं बाळ आहे?" शेजारच्या खाटेवरचा माणूस या कुशीवरून त्या कुशीवर झाला. वडिलांना धाप लागली. पाणी प्यायल्यावर त्यांनी अचानक वेगळंच विचारलं, "तू जेवतोस कुठे?"

"मी? ओट्यापाशी."

"उभ्याने?"

"हो. का?"

"मग तो कसा जेवेल? समोरचा माणूस ताट घेऊन खाली बसल्याशिवाय तो अन्नाला शिवत नाही. उभा माणूस म्हणजे निघालेला माणूस, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलंय. पहिल्याच दिवशी खरं बोलला असतास तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं मी."

भिंगरीला ते अर्धं अंडं आठवलं, आणि वहीतल्या त्या दोन रेघा. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं त्याला.

"ही सवय त्याला कुणी लावली?" त्याने विचारलं.

वडील चादरीची घडी करत बसले. उलगडली, पुन्हा केली. "त्याने मला लावली. तुझी आई गेल्यावर मी चूल पेटवणंच सोडलं होतं. चहा, बिस्किटं, बास. मग हा आला. मी वाटी ठेवायचो, हा माझ्याकडे बघत बसायचा. दोन दिवस उपाशी राहिला. शेवटी माझीच लाज वाटली मला. भात टाकला, ताट घेऊन बसलो, तेव्हा कुठे याने तोंड घातलं."

"मला कधी बोलला नाहीत हे."

"तू विचारायचास की. दारात उभा राहून, हातात किल्ल्या. 'बाबा, नीट जेवता ना?'" वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. "मी म्हणायचो, पोटभर."

भिंगरीला खाटेची कड सापडली आणि तो तिच्यावर बसला. मग वडीलच म्हणाले, "आता इथे काय बसलास? घरी जाऊन बस."

घरी आल्यावर त्याने बूट काढले. भात केला, थोडी कोंबडी गरम केली, एक ताट आणि एक वाटी घेऊन भिंतीशी टेकून बसला. पाहुणा खिडकीखालून बघत होता. भिंगरीचा गुडघा आपोआप हलत होता. त्याने तो हाताने दाबून धरला. पाच मिनिटांनी त्याला मीठ आणायची आठवण झाली, तो उठला, आणि निम्म्यापर्यंत आलेला पाहुणा उलटपावली परत गेला. मिठावाचून भिंगरी पुन्हा बसला. आता मेलो तरी उठणार नाही, असं त्याने स्वतःला बजावलं. फोन वाजला, थांबला, परत वाजला. पाठीला मुंग्या आल्या. एवढं बसून राहणं वीस वर्षांत घडलं नव्हतं आणि त्याला त्याचा खरोखर त्रास होत होता.

पाहुणा आला. वाटी हुंगली, भिंगरीचं ताट हुंगलं, त्याच्या अनवाणी पायाला नाक लावलं. आणि एक घास उचलला. थांबला. दुसरा उचलला.

भिंगरीने श्वास रोखून वडिलांना फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"खाल्लं?"

"अर्धी वाटी. अर्धीच, बाबा. उरलेलं बघत बसलाय."

पलीकडे वडिलांनी नाक ओढलं. "कशाकडे बघत बसलाय?"

भिंगरीने खाली पाहिलं. "माझ्या ताटाकडे. मी सुरुवातच नाही केली अजून."

"मग तोच थांबलाय तुझ्यासाठी. जेव आधी."

"ठेवू फोन?"

वडील जरा घुटमळले. "नको ठेवू. खरं सांगायचं तर माझंही ताट मघापासून पुढ्यात आहे. इथे आल्यापासून घास उतरत नाही रे मला. नर्सबाई रोज तसंच परत नेतात."

भिंगरीने फोनचा आवाज मोठा केला आणि फोन जमिनीवर, ताट आणि वाटीच्या मधे ठेवला. "उचला घास," तो म्हणाला. "आम्ही बसलोय."