शेवटच्याचा घोट

बेल्जियमची बिअर बाटलीला तोंड लावून प्यायची नसते, हे मला चाळिशी उलटल्यावर ओमानमधल्या सहम या गावात कळलं. शिकवणारा बेल्जियमचाच होता. बंदरातला गाळ उपसणाऱ्या जहाजावर तो कप्तान आणि मी त्याच जहाजाची इंजिनं सांभाळणारा फोरमन. त्याच्या आवाजाला सगळे टरकून असत. मी गुहागरकडचा, समुद्राला भीत नाही आणि ओरडणाऱ्या माणसाला तर मुळीच नाही. त्यामुळे आमचं जमलं असावं.

एप्रिलमधल्या एका रविवारी त्याने मला ड्युटी संपल्यावर घरी बोलावलं. इथे रविवार कामाचाच. मला वाटलं, घरातला पंप बिघडला असेल, म्हणून मी पाना-पक्कड घेऊनच गेलो. बघतो तर टेबलावर लॅपटॉप, त्यावर सायकलींची शर्यत लागलेली, आणि शेजारी दोन बाटल्या नि दोन पसरट ग्लास. प्रत्येक बिअरचा ग्लास वेगळा असतो आणि एकीच्या ग्लासात दुसरी ओतणं त्यांच्याकडे पाप, हे मला नंतर समजलं. आमच्या गावात प्यायची ती भिंतीकडे तोंड करून, झटपट, आणि वर बडीशेप. मी ग्लासाकडे लक्षच दिलं नाही. बाटली उचलली आणि घटाघटा रिकामी केली. चपला घालून देवळात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला.

ती बिअर दिसायला सोज्वळ, पण आतून चांगलीच पोचलेली. त्याने पुढे केलेली दुसरी संपायच्या आत मी सोफ्यावर आडवा झालो. त्या वर्षी कोण जिंकलं ते मला आजतागायत ठाऊक नाही. जाग आली तेव्हा शर्यत केव्हाच आटोपली होती आणि कप्तान एकटाच लॅपटॉपसमोर बसला होता. पडद्यावर नुसती नावांची यादी होती. त्याच्या ग्लासात एक घोट उरला होता.

"चला, खलास," मी उठत म्हणालो.

"नॉट येट," तो म्हणाला.

मग त्याने समजावलं. त्याच्या लहानपणी ही शर्यत त्यांच्या घरामागच्या चढावरून जायची. चढ म्हणजे दगड बसवलेली अरुंद वाट, आमच्या कोकणातल्या पाखाडीसारखी, आणि वर पाऊस पडून झालेली राड. त्याचा बाप सकाळीच घडीच्या खुर्च्या घेऊन जागा धरायचा. पुढची टोळी गेली की टाळ्या पडायच्या आणि निम्मे लोक खुर्च्या मिटून घरी जायचे. बाप जायचा नाही. सगळ्यांत शेवटचा सायकलवाला वर येईपर्यंत बसायचा. बिअरचा शेवटचा घोट त्याच्यासाठी राखलेला. तो दिसला की बाप उभा राहून ग्लास वर करायचा आणि मग प्यायचा. टीव्हीवाले शेवटच्याला दाखवत नाहीत, म्हणून कप्तान यादीत त्याचं नाव यायची वाट बघत होता. आलं, तेव्हा त्याने ग्लास उचलला. मीही माझी रिकामी बाटली उचलली, दुसरं करणार काय!

त्यानंतर किती वसंत गेले, मी मोजले नाहीत. दर वर्षी तो रजेवरून येताना विमानतळावर चालतील तेवढ्या बाटल्या आणायचा. बाकीची सोय परवान्याच्या दुकानातून. रमजान एप्रिलात आला की ते दुकान बंद, त्यामुळे आधीच भरून ठेवायचं आणि पडदे ओढून बसायचं. बिअर बर्फासारखी गार करायची नाही, तळाशी बसलेला गाळ ग्लासात येऊ द्यायचा नाही, फेसाला घाई करायची नाही, हे सगळं मी शिकलो. दिवसभर समुद्राचा गाळ उपसायचा आणि संध्याकाळी बाटलीतला जपायचा, असा माझा विनोद होता. तो त्याला कधी कळला नाही.

शर्यत कशी बघायची तेही त्यानेच शिकवलं. जिंकणाऱ्याकडे बघू नको, तो शेवटी दिसतोच. वारा कोण खातंय ते बघ. सगळ्यांच्या पुढे एक जण असतो, तो छातीवर वारा घेत तासन् तास ओढतो आणि मागचे त्याच्या आडोशाने येतात. मग शर्यत रंगात आली की त्याचे पाय संपतात. तो बाजूला होतो, मान खाली घालतो आणि बघता बघता मागे पडतो. कॅमेरा पुढे निघून जातो. पुढच्याला हार पडून, मुलाखत होऊन जाते, तरी हा कुठेतरी एकटाच पाय मारत असतो. मला त्याच माणसाचं वेड लागलं. साम्य ओढूनताणून काढायची मला सवय नाही, पण आखातात राहून हे ज्याला दिसत नाही तो माणूस आंधळाच म्हणायचा.

शुक्रवारी सकाळी आम्ही दोघं समुद्राकाठच्या रस्त्याने सायकल चालवायचो. डावीकडे खजुरीच्या बागा, उजवीकडे होड्या, आणि समोरून वारा. "माझ्या चाकाला चिकटून राहा," तो ओरडायचा. त्याच्या रुंद पाठीमागे खरंच वारा लागायचा नाही. त्या पाठीमागे मला फार बरं वाटायचं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही. असलं पुरुषांनी एकमेकांना सांगायची आमच्याकडे पद्धत नाही, त्यांच्याकडेही नसावी.

मग त्याचं कंत्राट संपलं आणि तो गेला. सायकल आणि दोन ग्लास मला देऊन गेला. पहिल्या वर्षी शर्यतीच्या दिवशी त्याचे लांबच लांब मेसेज आले. पुढच्या वर्षी दोन ओळी. त्याच्या पुढच्या वर्षी नुसता अंगठा, आणि मग तोही नाही. त्याचं काही वाईट झालं असेल असं मला वाटत नाही. माणूस घरी पोचला, एवढंच. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. आता शुक्रवारी सगळा वारा माझ्या एकट्याच्या वाट्याला येतो.

माझ्या खोलीखाली अत्तराचं दुकान आहे, रत्नागिरीकडच्या मुसलमान चाचांचं. त्यांचं बिऱ्हाड इथेच आहे, बायको, सुना, नातवंडं. रमजानात त्यांच्याकडून माझ्यासाठी रोज ताट येतं. एकदा ताट घेऊन स्वतःच वर आले आणि लॅपटॉपवरच्या शर्यतीकडे बघत उभे राहिले.

"त्या पोरांनी पाय मारायचे नि दम तुला लागायचा," ते म्हणाले, "ह्यो कसला रे खेळ?"

"बसा चाचा, समजावतो."

"नको बाबा, खाली सगळी वाट बघतायत." जिन्यावरून त्यांनी वर हाक मारली, "घरी जा आता तू. किती ओढशील?"

"जाईन, इन्शाल्ला," मी म्हणालो. अर्बाबला, म्हणजे इथल्या मालकाला, सुटीचं विचारलं की तो जसं म्हणतो, तसंच.

माझंही बिऱ्हाड होतं की इथे. बायको आणि मुलगी दोघी सहममध्येच राहायच्या. मुलगी दहावी झाल्यावर त्या पुण्याला गेल्या. मी थांबलो, आधी फ्लॅटसाठी, मग मुलीच्या शिक्षणासाठी, आणि मग सवयीने. सुरुवातीला बायको दर फोनला विचारायची, "कधी येताय कायमचे?" मी चिडायचो. मग तिने विचारणं सोडलं. ती कधी थांबली ते माझ्या लक्षातसुद्धा आलं नाही, आणि लक्षात आलं तेव्हा तिला विचारायची छाती झाली नाही.

गेल्या गणपतीत रजेवर गेलो होतो. बॅग उघडून कपडे लावायला कपाट उघडलं तर माझ्या कप्प्यात जादाच्या रजया, मुलीची जुनी पुस्तकं आणि मिक्सरचं खोकं.

"बॅगेतच राहू द्या ना कपडे," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "एवढ्याशा दिवसांसाठी कशाला काढताय? परत भरायचेच आहेत."

तिने ते प्रेमानेच म्हटलं होतं, मला त्रास नको म्हणून. मुलगी आता नोकरी करते. ओमानमधल्या शाळेत शिकल्याने तिचं मराठी अजून अडखळतं. मी फोन चार्जिंगला लावायला गेलो तर ती म्हणाली, "बाबा, तो पॉइंट आईचा आहे. म्हणजे, इट्स ओके, तुम्ही लावा." मी हॉलमधला पॉइंट शोधला. दोघी रात्री जेवताना ऑफिसमधल्या कोणाबद्दल तरी बोलून हसत होत्या. कोण ते त्यांनी मला समजावून सांगितलं, तोवर हसू संपलं होतं. माझ्याशी कोणी वाईट वागलं नाही, उलट माझी सरबराईच झाली. मला कप्तानाच्या गोष्टीतल्या त्या खुर्च्या आठवल्या आणि पहिल्यांदा भीती वाटली. मी वर पोचेन तेव्हा तिथे कोणी बसलेलं असेल का?

या एप्रिलमध्ये शर्यत लावली ती एकट्यानेच. ग्लास मात्र दोन्ही धुऊन ठेवले होते. माझा माणूस मला सुरुवातीलाच सापडला, उंच, हडकुळा, निळ्या कपड्यांतला. पावसात त्याने इतकं ओढलं की त्याचं तोंड चिखलाने माखून गेलं. दगडी चढ सुरू झाले आणि तो बाजूला झाला. पुढे कोण जिंकलं ते मी बघितलं, छान जिंकला. मग यादी लावून बसलो. बाहेर दिवेलागणीची, मगरिबची बांग झाली. खालच्या दुकानातला दिवा लागला. नावं येत राहिली, मग थांबली, आणि कितीतरी वेळाने अगदी तळाला एक आलं. माझ्याच माणसाचं.

ग्लास उचलला होता, तो खाली ठेवला आणि बायकोला फोन लावला. माझी फोनची वेळ ती नव्हे.

"काय झालं? बरं आहे ना?" ती घाबरून म्हणाली.

"बरं आहे. मी येतोय."

"किती दिवसांसाठी?"

तिने ते पाहुण्याला साखर किती विचारावी इतकं सहज विचारलं. त्यात ना राग होता, ना टोमणा. टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

"कायमचा," मी म्हणालो.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. तिने गॅस बंद केल्याचा खट्ट आवाज आला.

"अहो, मग ते कपाट रिकामं करायला हवं," ती शेवटी म्हणाली. "एकदम नाही व्हायचं. हळूहळू करते."

"हळूहळू कर," मी म्हणालो.

फोन ठेवला. शेवटच्याचं नाव येऊन गेलं होतं, घोट प्यायला आता काही हरकत नव्हती. फेस बसून बिअर पार कोमट झाली होती. पण यादीत नाव नसलेला एक जण अजून चढावरच होता, म्हणून मी ग्लास तसाच ठेवला.

"नॉट येट," मी मोठ्याने म्हणालो. ऐकायला खोलीत कोणी नव्हतं.