दुपारचा ब्लँक कॉल

डोंबिवलीतल्या आमच्या घरात नवा फोन आला आणि पाठोपाठ ब्लँक कॉल आले. दुपारी तीनच्या सुमाराला घंटी वाजायची. उचलला की पलीकडे पंख्याची घरघर, बाकी सामसूम.

घरात लग्नाची मुलगी असताना याचा अर्थ लावायला ज्योतिषी लागत नाही. वडिलांचा संशय ताईच्या क्लासमधल्या कळव्याच्या मुलावर. ताईने तो माझ्यावर ढकलला. "याच्यासाठीच असणार कोणीतरी!" मला उगाच बरं वाटलं. कॉलेजात माझ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नव्हतं.

शेवटी वडिलांनी कॉलर आयडीचं यंत्र आणलं. फोन करणाऱ्याचा नंबर त्यावर उमटायचा. "आता सापडलाच बच्चमजी!" अख्खी बिल्डिंग बघून गेली. आईने मात्र त्यावर क्रोशाचा रुमाल टाकला. धूळ बसते म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी लवकर घरी आलो. किल्लीने दार उघडलं तर आत गाणं चाललेलं. रेडिओ असेल असं वाटलं. बघतो तर आई स्टुलावर बसून, डोळे मिटून, रिसिव्हर तोंडाशी धरून भीमपलास गात होती! माझी आई गाते हे मला जन्मात ठाऊक नव्हतं. आणि तो कोण कुठला फुकट्या रोज ऐकत होता. माझा तिळपापड झाला.

मला बघताच तिने फोन ठेवला.

"अगं, कोण आहे तो?"

"काय माहीत! पहिल्यांदा चांगलं झापलं. तरी ठेवीनात. मग म्हटलं, ऐकताय तर ऐका."

मी रुमालाकडे हात नेला. तिने चापट मारली. "नंबर कळला की माणूस कळणार. ओळखीच्यांसमोर माझा आवाज फुटत नाही रे."

"मग माझ्यासमोर गा ना."

"चल, काहीतरीच! चहा टाकते."

पुढचे दोन दिवस मी हट्टाने दुपारी घरी थांबलो. फोन आला की आई "राँग नंबर" म्हणून ठेवून द्यायची आणि तांदूळ निवडत बसायची. तिसऱ्या दिवशी मी शेजारच्या कोपर स्टेशनला गेलो. तिथल्या पीसीओतून, तीन वाजायच्या जरा आधी, घरचा नंबर फिरवला. त्या बिचाऱ्याला एंगेज लागला असणार.

"हॅलो?"

मी गप्प.

"आज लवकर?" असं म्हणून तिने सूर लावला. पीसीओवाला काचेवर टकटक करत होता. मी त्याच्याकडे पाठ केली. इतकं गोड गाते आणि आम्ही तिच्याकडे फक्त चहा मागतो, या विचाराने मला भरून आलं.

गाणं थांबलं. मग ती म्हणाली, "मुलाला ऐकवायचंय हो एकदा. पण त्याला नाही आवडलं तर?"

ओठांवर आलेली हाक मी गिळली आणि फोन ठेवला.