आई आता शंका काढत नाही

आई हल्ली कशालाही मान हलवते आणि तिच्या कानातली कुडी नंतरही थोडा वेळ हलत राहते.

क्लायंटच्या माणसांना एक्सेल शिकवायची तयारी करताना ‘स्पिल’ हा नवा शब्द आडवा आला. वाचला, करून पाहिला आणि सवयीनं आईला सांगायला बसले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अडलं तर विचारायला कुणी नव्हतं, म्हणून शिकलेलं आईला सांगायचे. तिनं शाळा पाहिली नव्हती, पण शंका फार. “मग त्यानं काय होतं गं? नि नाही झालं तर?” तिला समजावता समजावता मलाच समजायचं.

“एका चौकटीत सूत्र लिहिलं की उत्तरं खालच्या चौकटींत आपोआप पसरतात, आई.”

“बरं.”

अर्धांगाचा झटका आल्यापासून ती एवढंच म्हणते. शिकणारा माणूस काहीच विचारेनासा झाला की तो आपल्यापासून लांब गेलाय, हे मला वर्गात लगेच कळतं. घरात कळूनही मी बोलत राहते.

“आणि खालच्या चौकटीत आधीच काही असलं तर?” तिची शंका मीच काढली आणि उत्तर न देता थांबले.

ती माझ्याकडे बघून नुसती कौतुकानं हसली.