तळ्यावर जाऊन येतो

शेवटचं बोलणं झालं ते स्क्रीनवर. दुपारची वेळ होती. शहरातल्या हॉस्पिटलमध्ये निळ्या गाऊनमधल्या एका नर्सने हात लांब करून टॅब्लेट धरला होता. मधल्या चौकोनात माझे यजमान मधुकर, शेजारच्या चौकोनात कॅनडाहून आमचा मुलगा समीर आणि त्याला खेटून झोपायच्या कपड्यांतली आमची नात इरा. मी इथे, तळ्याकाठच्या आमच्या घरात, स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले होते. कोव्हिडच्या वॉर्डात कुणालाच सोडत नव्हते, आणि मला तर घराबाहेर पडायलाही परवानगी नव्हती. त्यांना बोलताना दम लागत होता, म्हणून मीच बोलत राहिले... होडी शेजारच्या केव्हिनने वर ओढून ठेवली आहे, मोटरवर कव्हर घातलं आहे, वॉटलची झाडं फुलून पिवळीधमक झाली आहेत. मग त्यांनी तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा बाजूला केला. नर्स काही म्हणाली, तिला बोटानेच थांब म्हटलं, आणि आमच्याकडे बघून म्हणाले, "बरं... येतो हं." इराने दोन्ही हात हलवून टाटा केला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता हॉस्पिटलचा फोन आला.

हा लेख खरं तर इरा आणि तिच्या धाकट्या भावासाठी आहे. त्यांना मराठी वाचता येईल तेव्हा येईल, तोवर तो तुम्हा वाचकांजवळ राहू दे. त्यांच्यासाठी लिहिते आहे म्हणून मीही आता यजमानांना आजोबाच म्हणते.

समीरने इराला जवळ घेऊन सांगितलं तेव्हा ती रडली नाही. हॉस्पिटलची काहीतरी चूक झाली आहे, एवढंच म्हणाली. "ही सेड येतो, बाबा. येतो मीन्स कमिंग." तिच्यापाशी मराठी शब्द मोजकेच, पण प्रत्येकाचा अर्थ पक्का. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो, हे तुम्हाआम्हाला कुणी कधी शिकवावं लागलं नाही. तिला ते शिकवायचं राहून गेलं. समीरने समजावून पाहिलं. त्यावर तिने विचारलं, "मग आजोबा खोटं बोलले?" त्याने तिला फोनवर माझ्याकडे सोपवलं. मी आयुष्यभर शाळेत इंग्रजीचं व्याकरण शिकवलं. कुठला काळ कुठे वापरायचा, हे झोपेतसुद्धा सांगेन. पण त्या दिवशी मी म्हटलं, "आपण नंतर बोलू हं, बाळा." पुढच्या रविवारी फोनवर तिचा पहिला शब्द होता, "आले?" त्याच्या पुढच्या रविवारीही तोच. मला 'नाही, येणार नाहीत' एवढंच म्हणायचं होतं, आणि तेवढंच तोंडातून निघत नव्हतं. कारण अंगणात कुणाची पावलं वाजली की मीसुद्धा आधी दाराकडेच बघत होते.

आजोबा मालवणकडचे, खाडीकाठी वाढलेले. लहानपणी शाळा बुडवून गरवायला, म्हणजे गळाने मासे पकडायला, जाणं हा त्यांचा मुख्य अभ्यास. पुढे इंजिनीअर झाले, या देशात आले, सिडनीजवळच्या पॅरामॅटाच्या एका सरकारी ऑफिसात वर्षानुवर्षं ट्रेनने जाऊन-येऊन नोकरी केली. निवृत्त झाल्यावर आमच्या ओळखीची सगळी मंडळी मुलांच्या जवळ, शहरातच केलीव्हिलकडे घरं शोधत होती, आणि यांनी इथे डोंगरात, तळ्याकाठी, हे घर पाहिलं. "मध्या, वेड लागलं का तुला?" मित्र म्हणाले. "तिथे देऊळ नाही, कोथिंबीर मिळत नाही, ब्रिजच्या डावाला चौथा माणूस नाही." यांचं उत्तर एवढंच, "पाणी आहे." मग पत्र्याची एक जुनी होडी घेतली, इथे तिला टिनी म्हणतात. होडीबरोबर शेजारचा केव्हिनही आला म्हणायचा. केव्हिन विधुर, उंच, खांदे वाकलेला. त्याला 'मधुकर' म्हणता येईना, म्हणून मॅडी. "गावातल्या सगळ्यांना वाटतं हे तुझ्या स्वभावावरून ठेवलेलं नाव आहे, मेट," असं तो खिजवायचा, आणि आजोबा म्हणायचे, "गावातल्या लोकांची पारख चांगली आहे."

दोघांचा उद्योग म्हणजे ट्राउट पकडणं. तेही गळ टाकून बसायचं नाही, ट्रोलिंग करायचं. होडी माणसाच्या चालीने चालवायची, मागे लांब दोरी सोडायची, तिच्या टोकाला पत्र्याचा चकाकणारा खोटा मासा. होडी नागमोडी न्यायची, म्हणजे तो खोटा मासा पाण्यात कधी वर येतो, कधी खाली जातो, आणि खऱ्या माशाला जिवंत वाटतो. वसंतात पाणी गार असतं, ट्राउट वरच्या थरात, काठाजवळ फिरतात, म्हणून सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे इथला वसंत, हा यांचा सणासुदीचा काळ. गळाच्या काठीचं, म्हणजे रॉडचं, टोक सारखं बारीक थरथरत असतं. आजोबा म्हणायचे की ती थरथर म्हणजेच सगळं ठीक आहे. ती थांबली की समजायचं, शेवाळ तरी अडकलं किंवा दोरी तरी तुटली. मासा लागला की मात्र टोक एकदम वाकतं, तेव्हा सांगावं लागत नाही. मिळालेले बहुतेक मासे ते सोडून देत. एखादा घरी आलाच तर मी सिडनीहून मागवलेली कोकमं आणि तिरफळं घालून कालवण करायची, आणि पहिल्या घासाला ठरलेला शेरा यायचा, "गोड्या पाण्यातलो मासो ह्यो, तेका चव खंयसून येतली!" असं म्हणत तीनदा भात घ्यायचे.

पहाट झाली की डोक्यावर आइस्क्रीमचा रिकामा डबा घालून निघायचे. वसंतात मॅगपाय पक्षी पिल्लांना जपण्यासाठी माणसाच्या टाळक्यावर झेप घेतात, त्यावर हा उपाय. दारातून म्हणायचे, "तळ्यावर जाऊन येतो." मी पांघरुणातूनच "या" म्हणायची. मी कधी त्या होडीत बसले नाही. मला पाण्याची भीती नाही, पण पहाटे गारठ्यात कुडकुडत काहीच न घडण्याची वाट बघणं मला कधी जमलं नसतं. त्यांनीही आग्रह केला नाही. ते परत येईपर्यंत चहा तयार असायचा. तळ्यावर चार-पाच होड्या असायच्या, तरी आमच्या मोटरचा आवाज मला ओळखू यायचा. ती जरा खोकत खोकत चालायची, आणि धक्क्याजवळ आली की दोनदा अडखळून बंद व्हायची. तो आवाज ऐकून मी कपात चहा गाळायची.

ऑगस्टच्या शेवटी त्यांना ताप आला. मग अँब्युलन्स आली, पांढऱ्या कपड्यांतली दोन माणसं... त्यांचे चेहरे मला दिसले नाहीत. निरोपाच्या विधीला मोजकीच माणसं चालणार होती, आणि तिथे तर मोजकीसुद्धा नव्हती. मी, केव्हिन, आणि एका कोपऱ्यात स्टँडवर उभा केलेला फोन, ज्यातून समीर बघत होता. इराला त्याने बसू दिलं नाही. अस्थी घरात आहेत. सीमा उघडल्या की समीर येईल, मग ठरवू.

त्यानंतर घर शांत झालं असं लोकांना वाटतं. शांत नाही झालं. पहाटे दाराची कडी वाजते, ती वाऱ्याने. न्हाणीघरात खाकरल्याचा आवाज येतो, तो पाइपचा. प्रत्येक आवाजाचं कारण मला माहीत आहे, मी सगळी शोधून काढली आहेत. तरी आवाज येतो तेव्हा आधी छातीत काहीतरी उठून उभं राहतं, कारण नंतर आठवतं.

ऑक्टोबरात, निर्बंध सैल झाले तेव्हा, एका पहाटे मी दिवा लावून नुकतं आधण ठेवलं होतं, आणि तळ्यावरून तो आवाज आला. खोकत खोकत येणारा. मी हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. आवाज जवळ आला, धक्क्यापाशी आला, दोनदा अडखळला आणि बंद झाला. मी दोन कपांत चहा गाळला. खरंच गाळला... मग अंगावर शाल घेतली आणि झाडांमधल्या पायवाटेने खाली गेले. मी भुतंखेतं मानत नाही. पण उतरताना माझ्या तोंडून "अहो" गेलं.

होडीत केव्हिन होता. मला बघून त्याने टोपी काढली. चोरी पकडली गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला. मोटर फार दिवस बसून राहिली की बिघडते, म्हणून जरा फिरवून आणली, विचारायला हवं होतं, मी उठलेली नसेन असं वाटलं, असं एकात एक काहीतरी म्हणाला. मग त्याने विचारलं, "येतेस का, एक चक्कर?" मी होडीत पाय ठेवला. का ठेवला, ते अजून सांगता येत नाही.

पुढच्या फळीवर मी समोर तोंड करून बसले. "असं नाही गं," केव्हिन मागून म्हणाला, "उलटी बस. कुणीतरी रॉडकडे बघायला हवं." मोटरपाशी तो बसतो आणि समोर बघतो. पुढे बसणाऱ्याने मागे तोंड करून रॉडच्या टोकांवर नजर ठेवायची असते. ती जागा मॅडीची. "होडी त्याची. मी किती वेळा म्हटलं, आता तू चालव. कधीच तयार झाला नाही." मी वळून बसले. दोऱ्या पाण्यात सुटल्या, रॉडची टोकं थरथरायला लागली. धक्का झाडांच्या आड आहे, तिथून आमचं घर दिसत नाही. होडी जराशी आत गेली, झाडं बाजूला सरकली, आणि समोर धुक्यात आमचं घर उभं राहिलं. स्वयंपाकघराची खिडकी उजळलेली होती. दिवा मी तसाच ठेवून आले होते.

केव्हिनने एकदा मागे मान वळवली, खिडकी पाहिली आणि म्हणाला, "बाय उटल्या!"

शब्द मोडके होते, पण हेल मालवणी होता, शेवटी उंच जाणारा, त्यांचाच. मी विचारलं, काय म्हणालास? तो हसला. "मॅडी रोज म्हणायचा. तुमच्याकडचे मासे बोलवायचे शब्द ना? तो दिवा लागला की म्हणायचा, आणि त्यानंतर खरंच मासा लागायचा. मी आता सोडत नाही. म्हटलं, नशीब कशाला बिघडवा?"

बाई उठल्या. मी शिक्षिका, म्हणून लग्न झाल्यापासून ते थट्टेने मला 'बाई' म्हणायचे. मी पांघरुणातून 'या' म्हणून कूस बदलली, की इकडे ते घराकडे तोंड करून बसायचे, खिडकीत दिवा लागण्याची वाट बघत. इतकी वर्षं मला वाटत होतं, वाट मी बघते. आता त्या जागेवर मी बसले होते, खिडकीत उजेड होता, आणि आत कुणी नव्हतं. होडी मला मागे मागे नेत होती आणि घर लहान होत होतं... पण नजरेसमोरून हललं नाही. एकही मासा लागला नाही.

त्या रविवारी इराने विचारलं, "आले?" मी म्हटलं, "नाही. येणार नाहीत, बाळा. आजोबा वारले. त्यांना यायचं होतं, म्हणून येतो म्हणाले. खोटं नाही बोलले." ती कॅमेऱ्यातून दिसेनाशी झाली, नुसतं छत दिसत होतं. मग तिचं रडणं ऐकू आलं, आणि समीरची पावलं. मी फोन ठेवला नाही. ते रडणं ऐकत बसून राहिले, आणि त्या दुपारी मीही पहिल्यांदा नीट रडले.

केव्हिन हल्ली बहुतेक रोज होडी काढतो, मीच सांगितलं आहे. आवाज दूर गेला की मी उठते आणि स्वयंपाकघराचा दिवा लावते. एवढ्या लांबून काही ऐकू येत नाही. पण तिथे पाण्यावर तो मान वळवून ते दोन शब्द म्हणत असणार. त्या दिवशी होडीतून उतरताना त्याने मला पुन्हा विचारलं होतं, मासे बोलवायचेच शब्द ना? मी म्हटलं, "हो. मासे बोलवायचेच." खरा अर्थ कळला तर तो संकोचेल, आणि म्हणायचं थांबवेल.