रुईची पेटी

आमचे जादूवाले सर बोलताना समोरच्याच्या चेहऱ्याकडे कधी बघत नसत. बघत ते हातांकडे. "चेहरा खोटं बोलते मॅडम, हाताले जमत नाई," म्हणायचे. हिंगणघाटच्या आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि गॅदरिंगला जादूचे प्रयोग करत. मी गणिताची. मला असल्या गोष्टींचा भारी तिटकारा; पण स्टाफरूममध्ये खुर्ची त्यांच्याच शेजारी, मग सुटका कसली!

जादूगारांच्या पिक्चरचं त्यांना वेड होतं. दोन जादूगार, एकमेकांचे वैरी, एक दुसऱ्याला संपवायला निघालेला. तोच प्रसंग मोबाइलवर थांबवून थांबवून मला दाखवायचे. "पाहणाऱ्याले भेव वाटलं पायजे. भेव नाई तं जादू नाई." आर्वीचा एक जादूगार पाण्याच्या टाकीतून सुटून दाखवतो, हे कळल्यावर तर सरांची झोपच उडाली. "पाण्यात तं कोणीबी बुडते. आपण हिंगणघाटचे, आपण रुईत बुडू!"

गावच कापसाचं; जिनिंग कारखान्यातून सरकी काढलेली रुई आली. सरांनी लाकडी पेटीत बसायचं, वरून रुई दाबून भरायची, कुलूप लावायचं. आतली खिट्टी सरकवली की मागची फळी निघे. तिथून ते पडद्याआड जाणार. चावी माझ्याकडे.

"आतून ठोकलं तरी उघडू नका. ते नाटक रायते."

"आणि खरंच अडकलात तर?"

"तरी तसंच ठोकीन," म्हणाले आणि हसले.

गॅदरिंगला ते आर्वीवाले जादूगार पहिल्या रांगेत, सरांनीच बोलावलेले. कुलूप लागलं. ठोकणं सुरू झालं, टाळ्या पडल्या. मग ठोकणं बारीक झालं. मग काहीच ऐकू येईना. टाळ्या मात्र वाढतच होत्या. देवा रे! उघडावं तर आर्वीवाल्यांसमोर सरांची अब्रू जाणार; आणि न उघडावं तर? मी कुलूप काढलं.

सर निळे पडले होते. नाकातोंडातली रुई बोटांनी ओढून काढली, तेव्हा कुठे छाती हलली. दम आल्यावर पहिलं वाक्य काय, तर मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "काऊन उघडलं मॅडम? धा सेकंद थांबता आलं नाई?" लोक हसले, आर्वीवालेही हसले. सरांनी हात तेवढे खिशात घातले होते.

"भ्याले मी. माझंच चुकलं," मी माइकवर सांगून टाकलं.

सगळे गेल्यावर पेटी पाहिली. खिट्टीत रुई गच्च दाटली होती. फळीवर नखांचे ओरखडे होते, रक्ताळलेले.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या बोटांना पट्ट्या होत्या. प्रयोग कायमचे बंद झाले. "मॅडमनं घोटाळा केला," हे निवृत्त होईपर्यंत सगळ्यांना सांगत राहिले, आणि सांगताना माझ्या चेहऱ्याकडे बघत.

यंदा ते गेले, झोपेतच. शेवटचं दर्शन घ्यायला मी वाकले, तर त्यांच्या नाकात कापसाचे बोळे. कळायच्या आत माझी बोटं ते काढायला पुढे गेली. त्यांच्या मुलीनं हात धरला.

"काऊन काढून राह्यल्या, मॅडम?"

"भ्याले मी," म्हणाले.