डबा नसलेला मीटर

दुकानदाराकडं माल कमी आणि गमती जास्त साठतात. मी सांगलीत सॉफ्टवेअर विकतो. जुनी बिलं कधीच रद्दीत गेली, पण साताऱ्याच्या एका पंप कारखान्यातले किस्से काही जात नाहीत. चार दोस्त चहाला बसले की एखादा निघतोच. आज बसलोच आहोत तर सगळेच काढतो.

आधी माझी ओळख. मी मूळचा विट्याचा. आमच्याकडं पोरगं हाताशी आलं की गलाईच्या दुकानात जातं, सोनं गाळायला. मीही गेलो, पार तमिळनाडूत, मामाच्या दुकानी. तिथं सोनं काढण्यासाठी जुन्या कॉम्प्युटरचे बोर्ड यायचे. ते भट्टीत टाकायच्या आधी मी चालू होतात का बघायचो! मामा वैतागले, "आरं, तुला ह्ये गाळायचं हाय का ह्यांचं औषधपाणी करायचं हाय?"

माझं कॉलेज ते एवढंच.

*

आता मीटर म्हणजे काय ते ऐका. ह्या कारखान्यात पंपांची ड्रॉइंग काढायचं एक महागडं सॉफ्टवेअर आहे. लायसन्स दहा, माणसं बारा. म्हणजे एका वेळी दहाच जणांनी उघडायचं. किती जणांनी उघडलंय ते मीटर मोजतो. पण हा मीटर विजेच्या मीटरसारखा भिंतीवर नसतो. तो सर्व्हरच्या पोटात असतो. एका कॉम्प्युटरनं आत दुसऱ्या कॉम्प्युटरचं घेतलेलं सोंग! त्याला म्हणायचं व्हर्च्युअल अप्लायन्स.

तो बसवायला पहिल्यांदा गेलो, तर गेटवर सुभेदार. फौजेतून रिटायर झालेले. कारखान्याचं गेट, किल्ल्या आणि शिस्त, तिन्ही त्यांच्याकडं.

"मटेरियल काय आणलंय?"

"मीटर."

"दाखवा."

"दाखवता येत नाही, सुभेदार. डबा नाही त्याला."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि सोडलं. संध्याकाळी निघताना पुन्हा अडवलं.

"बसिवला मीटर?"

"बसवला की."

"आत आणल्याची एंट्री न्हाई, आन् आत बसिवला म्हणताय? थांबा हितंच!"

मालकांना बोलावणं गेलं. मालक म्हणजे दादासाहेब. त्यांनी दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि मला म्हणाले, "सुभेदारांचं चुकत न्हाई, भाऊ. पुढच्या टायमाला एक रिकामा डबा घेऊन येत जावा!"

तेव्हापासून मी खोकं घेऊनच जातो. सुभेदार ते मी परत निघताना उघडून बघतात, रिकामं असतं, आणि समाधानानं म्हणतात, "आता कसं!"

*

बारा माणसांत दहा लायसन्स म्हटल्यावर जे एसटीत होतं तेच ड्रॉइंग ऑफिसात झालं. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं! ह्यात सगळ्यात तरबेज संपत. सकाळी आला की आधी सॉफ्टवेअर उघडायचा, मग चहा, मग तंबाखू, मग गप्पा. लायसन्स त्याच्या नावावर अडकलेलं आणि दोघं नुसते बसून.

माझ्या दुकानातली इंजिनिअर शबाना मिरजेची. तिच्या घरात तंबोरे बनतात, त्यामुळं तार कुठं ताणायची ते तिला बरोबर कळतं. तिनं मीटरमध्ये नियम घातला: अर्धा तास माउस हलला नाही, की लायसन्स आपोआप परत.

पुढं महिनाभर संपत सगळ्यांत कष्टाळू! मीटरवर त्याचा माउस जेवणाच्या सुट्टीतही हलताना दिसायचा. दादासाहेबांनी कँटीनमध्ये जाहीर कौतुक केलं, "त्या संपतकडं बघा जरा! जेवायलासुदिक उठत न्हाई!"

संपत समोरच भाकरी मोडत बसला होता.

शबाना गुपचूप ड्रॉइंग ऑफिसात गेली. त्याचा माउस उचलला. खाली मनगटी घड्याळ. सेकंदाचा काटा फिरतोय, वर माउसला वाटतंय आपण हलतोय! ती घड्याळ घेऊन कँटीनमध्ये आली आणि त्याच्या ताटाशेजारी ठेवून म्हणाली, "संपतदादा, पाच मिनिटं मागं आहे हे."

*

मग आलं अपग्रेड. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती जुन्या मीटरला ओळखेना, म्हणजे मीटरही नवा बसवायचा. दादासाहेबांनी मला बोलावून सरळ सांगितलं, "भाऊ, पुण्याची एक कंपनी सारखी फोन करती. दसऱ्याला नव्या पंपाचं ड्रॉइंग मुहूर्तावर उघडायचंय, पावणे येणार हायत. ते उघडलं न्हाई, तर मी त्यास्नी हो म्हणून टाकणार. वाईट वाटून घिऊ नका."

वाईट? माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक! मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

म्हणून आधी माझ्याच दुकानातल्या मीटरवर रंगीत तालीम केली. मीटर बदलताना माझं सॉफ्टवेअर उघडंच राहिलं होतं. नव्या मीटरनं जुना हिशेब जसाच्या तसा उचलला आणि मला कायमचं कामाला बसवलं! मी घरी जेवतोय, तर शबानाचा फोन.

"भाऊ, मीटर म्हणतोय तुम्ही सकाळपासून एकसारखं काम करताय."

फोन स्पीकरवर होता. आमच्या मंडळी आतून ओरडल्या, "अगं, मग तो बिघडलाय!"

धडा मिळाला. आकडा शून्यावर आल्याशिवाय मीटरला हात लावायचा नाही.

*

शून्य कधी येणार? मी म्हटलं, खंडेनवमीला! त्या दिवशी सगळी हत्यारं पुजायला मांडलेली, दसऱ्यापर्यंत कुणी हात लावत नाही. याच्यासारखा दिवस नाही.

दुपारी मी आणि शबाना हजर. गेटवर खोकं दाखवलं. ड्रॉइंग ऑफिसात बघतो तर कॉम्प्युटर ओळीनं सजवलेले, हळदीकुंकू, झेंडूच्या माळा, उदबत्तीचा वास. शबानानं आपला लॅपटॉप उघडला.

मीटरवर एक!

"कोण आहे?"

"संपतदादा."

संपतला बोलावलं. तो नवीन शर्ट घालून आला. "व्हय, उघडंच ठेवलंय. सुतारानं पटाशी मांडली, फिटरनं पाना मांडला. कॉम्प्युटर काय, अकाउंटवाल्याकडंबी असतो. माझं हत्यार ह्ये हाय!" आणि खरंच, त्याच्या स्क्रीनवर पंपाचं सुरेख ड्रॉइंग आणि त्याला कुंकवाचं बोट.

"बंद कर की रं बाबा!"

किल्ल्या घेऊन आमच्या मागोमाग आलेले सुभेदार मध्ये उभे राहिले. "हात लावायचा न्हाई. शस्त्र मांडलं की मांडलं. उद्या पूजा उतरली की मग."

"वायर काढू?"

"ती काय शेजाऱ्याची हाय? तीबी मांडलीय."

लांबून एखाद्याला बाहेर काढायची सोय जुन्या मीटरला नव्हती. ती नव्यात होती, आणि नवा तर बसवायचा होता! माझ्या डोळ्यांसमोर पुण्याचा माणूस गुच्छ घेऊन गेटमधून आत येताना दिसायला लागला.

"अर्ध्या तासात आपोआप सुटायला पाहिजे," शबाना म्हणाली. "सकाळपासून कुणी हात लावलेला नाही."

"मग सुटत का नाही?"

"माउस हलतोय, भाऊ."

सगळ्यांनी संपतकडं बघितलं. त्यानं दोन्ही मनगटं पुढं केली. घड्याळ हातातच होतं. "आईची आण, आज काय न्हाई केलं!"

मग आम्ही जवळ जाऊन, हात मागं बांधून, वाकून बघितलं. संपतनं माउस तांदळाच्या राशीवर उभा टेकवला होता, पोट पुढं करून. पोटातला लाल दिवा चालू. त्याच्यासमोर झेंडूची माळ. माळ डावीकडं, माळ उजवीकडं. स्क्रीनवरचा बाणही डावीकडं, उजवीकडं.

शबानानं मान वर करून छताकडं बघितलं.

"सुभेदारसाहेब," तिनं अगदी अदबीनं विचारलं, "पंखा मांडलाय का पूजेला?"

सुभेदारांनी बराच विचार केला. "पंखा... न्हाई मांडला."

मी बटण दाबलं. माळ हळूहळू थांबली. ऑक्टोबरचं ऊन, बंद खोली, उदबत्तीचा धूर. आम्ही चौघं जमिनीवर मांडी घालून लॅपटॉपसमोर बसलो. बोलायचीसुद्धा भीती, न जाणो माळ हलायची! संपतनं तर हात जोडले होते.

तेवढ्यात दादासाहेब दारात आले. चौघं घामानं निथळतायत, डोळे एका जागी, एकाचे हात जोडलेले. त्यांनी चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि हात जोडून आमच्या मागं येऊन बसले.

मीटरवर एकाचं शून्य झालं. सुभेदारांनी घंटा वाजवली.

नवा मीटर बसला आणि दसऱ्याला मुहूर्तावर ड्रॉइंग उघडलं. पाहुणे पेढे खात होते आणि नेमका पुण्याच्या कंपनीचा फोन आला. दादासाहेबांनी सगळ्यांसमोर उचलला.

"सर, हे अपग्रेड अवघड असतं. आमच्या चार माणसांना दोन दिवस लागतात. तुमच्याकडं कोणत्या पद्धतीनं केलं?"

दादासाहेब म्हणाले, "आमच्यात पंखा बंद करून करत्यात."