अँटेनावरचे बोंबील

मुंबईत टीव्ही यायच्या आधीपासून मी टीव्ही बनवायला घेतला होता. मी स्वतःला संशोधक समजत असे. सासुरवाडीला उपद्व्यापी वाटत असे. अंधेरीच्या गावठाणातल्या आमच्या भाड्याच्या खोलीत पानं घ्यायची म्हटलं, की आधी तारा आणि व्हॉल्व्ह खाटेवर हलवावे लागत. बायको बोलायची नाही, पण भांडी फार जोरात घासायची.

प्रक्षेपण सुरू झाल्यावर मरोळच्या एका शेठना मी संध्याकाळी घरी बोलावलं. त्यांच्या कारखान्याशेजारचा गाळा रिकामा होता. "चित्र दाखव, गाळा घे," इतकाच करार. नाही दिसलं, तर पुन्हा मुकाट्यानं रेडिओदुरुस्तीची नोकरी, आणि या नादाला कायमचा रामराम. जोडणी त्याच सकाळी संपली. बांबूवर अँटेना बांधून ती गच्चीवर वरळीच्या टीव्ही मनोऱ्याकडे तोंड करून बसवली.

संध्याकाळी खोलीत अर्धं गावठाण दाटलं. एकुलत्या खुर्चीवर शेठ. मी बटण फिरवलं. पडद्यावर नुसत्या मुंग्या.

"काय रे, वाट लागली वाटतं?" शेठ म्हणाले.

मी गच्चीवर धावलो. अँटेनाच्या प्रत्येक दांडीवर, जबड्यात जबडा अडकवून, जोडीजोडीनं ओले बोंबील लटकत होते! त्यांच्या भारानं अँटेना भलतीकडेच वळली होती.

आमची घरमालकीण, गावठाणातली जुनी ख्रिस्ती म्हातारी, अंगणातून ओरडली, "अरे पोरा, काडू नको! बोंबील सुकवायला ही दांडी तूच केलीस ना मजसाठी?"

आम्हाला वर्षानुवर्षं सुके बोंबील तीच देत आली होती. मला राग आला आणि हसूही फुटलं. बोंबील भराभर काढून खांद्यावर टाकले आणि बांबू वळवला.

"आलं!" खालून आरडाओरडा झाला. मी हात सोडला. "गेलं!" पुन्हा धरला. "आलं!"

मग धरूनच उभा राहिलो. बायको दारात येऊन मला वर सांगू लागली, "अहो, बाई आहे! बातम्या सांगतेय. मोठं कुंकू आहे. आता हसली बघा!" इतक्या महिन्यांत माझ्या टीव्हीबद्दल ती पहिल्यांदाच भरभरून बोलत होती. आनंदानं मला रडू आलं.

"गाळा तुझा!" शेठ ओरडले. "खाली ये, हात मिळव!"

"शेठ, मी आलो तर चित्र जाईल!"

खोलीत हशा पिकला. बायको मात्र हसली नाही. पदर खोचून ती जिना चढून वर आली, माझ्या खांद्यावरचे बोंबील उचलून स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि बांबू घट्ट पकडला.

"जा आता," ती म्हणाली. "तुमचं चित्र तुम्ही बघून या. मी धरते."